लेखनिक होताना: परीक्षेत दुसऱ्यासाठी वाचायचं आणि लिहायचं कसं

स्पष्ट वाचता येणं आणि हात न थकता तीन-चार तास लिहिता येणं, ही दोन कौशल्यं आपल्यापैकी बहुतेकांकडे असतात. रोजचीच असल्यामुळे त्यांचं मोल जाणवत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या की याच दोन कौशल्यांसाठी अंध विद्यार्थी आणि त्यांचे पालक ओळखीपाळखीत फोन फिरवत असतात. वर्षभर अभ्यास झालेला असतो, उत्तरं डोक्यात तयार असतात, ती कागदावर उतरवणारा हात मात्र मिळत नाही. दहावीच्या मुलाला लेखनिक हवा तो खालच्या वर्गातला, आणि खालच्या वर्गातल्या मुलांची स्वतःची परीक्षा जवळ आलेली. आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील नेमके तेव्हाच 'नको' म्हणतात. टंचाई होते ती इथे.

लेखनिकाचं काम एका वाक्यात सांगता येतं: कागदावर जे छापलंय ते जसंच्या तसं कानापर्यंत पोहोचवायचं आणि तोंडून जे आलं ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मार्क जातात ते याच दोन फेऱ्यांत, आणि बहुतेकदा चांगल्या मनाच्या, हुशार लेखनिकाकडूनच. म्हणून या कामाची तयारी करावी लागते.

कोण लेखनिक होऊ शकतं

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन गोष्टी स्पष्ट होत्या. परीक्षार्थीनं स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं. दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळावा. आणि लेखनिक परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं पुरवला असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून पारखण्याची संधी परीक्षार्थीला द्यावी. पुढच्या काळात हे नियम बदलले. प्रत्येक मंडळ, विद्यापीठ आणि स्पर्धा परीक्षा आपापल्या अटी लावते. त्यामुळे 'मागच्या वर्षी चाललं होतं' यावर विसंबू नका. त्या परीक्षेच्या अधिसूचनेत लेखनिकाची पात्रता कोणती दिली आहे ते शब्दशः वाचा आणि शाळेकडून किंवा महाविद्यालयाकडून लेखी मंजुरी हातात घ्या. पात्रतेपेक्षा एक इयत्ता जास्त शिकलेला लेखनिक परीक्षेच्या सकाळी नाकारला गेला तर शिक्षा विद्यार्थ्याला होते.

लेखनिक फक्त अंधांनाच लागतो असं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, हात नसलेले किंवा हाताचा त्रास असलेले विद्यार्थी, अध्ययन अक्षमता असलेली मुलं, या सगळ्यांना त्याची गरज पडते. ज्या उमेदवाराची बोटं लिहिताना आखडत होती त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला, की लेखनिकाची सोय किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. काहींना फक्त वाचक हवा असतो, लिहितात ते स्वतःच. आपल्याला नेमकं कोणतं काम करायचंय हे आधी विचारा.

काम मिळवायचं तर जवळची अंधशाळा, महाविद्यालयातला समान संधी कक्ष किंवा दिव्यांग कक्ष इथून सुरुवात करा. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं कार्यालय आहे, सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र आहे. पुण्यात कोरेगाव पार्कची अंधशाळा आहे. नाव नोंदवताना चार गोष्टी सांगा: तुमचं शिक्षण कुठवर झालंय, कोणत्या भाषा वाचता-लिहिता येतात, कोणत्या तारखांना मोकळे आहात, आणि गणित-विज्ञानाची चिन्हं वाचता येतात का. शेवटचं प्रामाणिकपणे सांगा. तिथे 'जमेल बहुतेक' चालत नाही.

आधी वेग तपासा

घड्याळ लावा, घरच्या कुणालाही पाठ्यपुस्तकातला उतारा सांगायला लावा आणि दहा मिनिटं लिहा. नंतर शब्द मोजा. मिनिटाला वीसच्या आसपास सुवाच्य शब्द उतरत असतील तर तुम्ही तयार आहात. पंधराच्या खाली असाल तर आठ-दहा दिवस रोज अर्धा तास श्रुतलेखन करा. वेग कमी पडतो तो सहसा पेन घट्ट पकडल्यामुळे. बोटं दुखली की अक्षर बिघडतं आणि मग खाडाखोड होते. पेन सैल धरा, जाड पकडीचं घ्या, मनगट टेबलावर टेकलेलं असू द्या. अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, पण तपासनिसाला न अडखळता वाचता आलं पाहिजे: शिरोरेघ तुटक नको, 'घ' आणि 'ध' वेगळे दिसायला हवेत, अनुस्वार ज्या अक्षरावर हवा त्याच अक्षरावर बसायला हवा.

तीन तासांच्या पेपरला २० मिनिटांच्या हिशोबानं एक तास वाढतो, म्हणजे चार तास बसायचं असतं. दहावीच्या गणिताचा प्रत्येक भाग दोन तासांचा, तो दोन तास चाळीस मिनिटांचा होतो. एवढा वेळ लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचंही असतं, म्हणून घशाची तयारीही ठेवा. कोमट पाणी बरोबर न्या.

पहिली भेट

परीक्षेपूर्वी किमान एकदा, शक्यतो दोनदा भेटा. विद्यार्थ्याशी थेट बोला. त्याच्या आईला 'याला हळू वाचलेलं चालतं का?' असं त्याच्यासमोर विचारू नका, त्यालाच विचारा. सोबत चालताना त्याचा हात ओढू नका, काठी तर मुळीच धरू नका. तुमचं कोपर पुढे करा, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागून येईल. जिन्यापाशी 'पायऱ्या वर जाताहेत' किंवा 'खाली उतरताहेत' एवढं सांगा. खोलीतून बाहेर पडताना 'मी जाऊन येतो' म्हणा, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

या भेटीत ठरवायच्या गोष्टी:

- वाचनाचा वेग. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, रोज वापरणारी मुलं बरंच वेगात ऐकू शकतात. तुम्ही दया दाखवून ताणून वाचाल तर त्यांचा वेळ जाईल.
- खुणेचे शब्द. 'थांब', 'पुन्हा', 'खोड', 'नवा परिच्छेद', 'वाचून दाखव'. हे पाच ठरले की पेपरात भाषण द्यावं लागत नाही.
- शुद्धलेखन. भाषेच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घ कोण ठरवणार, याबद्दल खाली लिहिलंय.
- वेळ किती मिनिटांनी सांगायची. ब्रेल किंवा बोलकं घड्याळ असेल तर तेही विचारा.
- क्रम. काही जण मोठे प्रश्न आधी घेतात, काही जण वस्तुनिष्ठ. पेपर त्यांचा, क्रमही त्यांचा.

मग जुनी प्रश्नपत्रिका घ्या आणि अर्धा तास खरोखर बसा. एक पाच गुणांचं उत्तर लिहा, एक जोड्या लावा, आणि विषय गणित असेल तर दोन उदाहरणं. ज्या चुका परीक्षेत होणार आहेत त्यातल्या निम्म्या या अर्ध्या तासात समोर येतात. केंद्र अनोळखी असेल तर आदल्या दिवशी जाऊन खोली पाहून या. तळमजल्याची खोली मागता येते, ती आधीच अर्जात मागा.

परीक्षेच्या दिवशी पिशवीत हवं ते असं: तुमचं मूळ ओळखपत्र आणि छायाप्रत, शिक्षणाचा पुरावा, दोन पासपोर्ट फोटो, लेखनिकासाठी भरलेल्या हमीपत्राची प्रत, मंजुरीचं पत्र, एकाच शाईची तीन पेनं, पेन्सिल, खोडरबर, मोठी पट्टी, साधं घड्याळ. विद्यार्थ्याच्या पिशवीत टेलर फ्रेम (अंकगणितासाठीची, स्पर्शानं वापरायची पाटी), अबॅकस, ब्रेल पाटी किंवा बोलका कॅल्क्युलेटर असू शकतो. २०१८ च्या सूचनांत ही साधनं चालतात असं लिहिलं होतं. सध्या लागू असलेल्या सूचनांची प्रत जवळ ठेवा. सगळ्याच पर्यवेक्षकांना ती माहीत असते असं नाही, आणि दारात वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं बरं. पाऊण तास आधी पोहोचा.

प्रश्नपत्रिका वाचणं

पेपर हातात आला की आधी पानं मोजा, दोन्ही बाजू पाहा. मागची बाजू न पाहिल्यामुळे संपूर्ण प्रश्न राहून जातो, ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. विद्यार्थ्याला आधी आराखडा सांगा: 'सहा प्रश्न, चार पानं, पहिला प्रश्न सोळा गुणांचा, त्यात चार उपप्रश्न.' डोळ्यांनी पेपर चाळणाऱ्याला जे पाच सेकंदांत दिसतं ते त्याला तुमच्या तोंडून मिळायला हवं, तरच तो वेळेची आखणी करू शकतो.

नंतर सूचना पूर्ण वाचा. 'कोणतेही तीन' हे शब्द आणि मधला 'किंवा' हे दोन्ही कधीही गाळू नका. 'किंवा' बहुतेकदा ओळीच्या मध्यावर एकटाच छापलेला असतो, डोळा त्याच्यावरून घसरतो आणि विद्यार्थी दोन्ही प्रश्न सोडवत बसतो. प्रत्येक प्रश्नानंतर गुण सांगा. एखादा शब्द ठळक, अधोरेखित किंवा अवतरणचिन्हात असेल तर तसं म्हणा. 'खालील विधानांपैकी चुकीचे विधान ओळखा' यातलं 'चुकीचे' अधोरेखित असतं, ते सपाट वाचलं की ऐकणारा बरोबर विधान शोधायला लागतो. रिकाम्या जागेसाठी 'रिकामी जागा' हे दोन शब्द ठरवून ठेवा. नुसतं थांबून पुढे गेलात तर त्याला वाटेल तुम्ही श्वास घेतलात.

जोड्या लावा हा प्रकार वाचायला अवघड. 'अ' गट पूर्ण वाचा, 'ब' गट पूर्ण वाचा, मग 'अ' गटातली एकेक नोंद घेऊन 'ब' गट पुन्हा वाचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही. आकलनाच्या उताऱ्यात परिच्छेदांना क्रमांक देऊन वाचा, आधी प्रश्न ऐकायचेत का ते विचारा, आणि 'दुसरा परिच्छेद पुन्हा' म्हटलं तर त्रासिक आवाज न काढता पुन्हा वाचा.

आवाज ही इथे फार नाजूक गोष्ट आहे. चार पर्याय वाचताना बरोबर उत्तरावर तुमचा स्वर नकळत चढतो. त्यानं चुकीचं उत्तर सांगितलं की तुमचं पेन क्षणभर थबकतं, किंवा तुम्ही 'हं?' म्हणता. ज्याचं सगळं लक्ष कानात आहे त्याला हे लगेच कळतं. मग तो आपल्या माहितीऐवजी तुमच्या श्वासावर पेपर सोडवायला लागतो, आणि तुम्हाला तरी सगळं बरोबर येतं कुठे? सगळे पर्याय एका सुरात, एका गतीत वाचा. बातम्या वाचणाऱ्यासारखा आवाज ठेवा.

गणित आणि चिन्हं

इथे थोडं थांबायला हवं, कारण गणितात लेखनिकामुळे जाणारे मार्क टाळता येण्यासारखे असतात. कागदावर एक अपूर्णांक आहे: आडव्या रेघेच्या वर १, खाली क्ष + २. घाईत वाचणारा म्हणतो, 'एक छेद क्ष अधिक दोन.' ऐकणाऱ्याला कळत नाही की रेघ कुठे संपली. 'अधिक दोन' छेदात आहे की बाहेर? क्ष ची किंमत २ धरली तर एका अर्थानं उत्तर येतं एक चतुर्थांश आणि दुसऱ्या अर्थानं अडीच. विद्यार्थ्यानं पुढच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक केल्या तरी उदाहरण चुकतं.

म्हणून सुरुवात आणि शेवट दोन्ही बोला: 'अपूर्णांक सुरू. अंशस्थानी एक. छेदस्थानी क्ष अधिक दोन. अपूर्णांक संपला.' हाच नियम कंस, वर्गमूळ आणि घाताला. 'वर्गमूळ सुरू, नऊ अधिक सोळा, वर्गमूळ संपलं' म्हटलं तर उत्तर पाच येतं. 'वर्गमूळ नऊ अधिक सोळा' असं सैल वाचलं तर कुणी एकोणीसही काढेल, आणि ती त्याची चूक नसेल. घात वर लिहिलेला असतो म्हणून 'क्ष चा तिसरा घात' म्हणा, पायाशी लिहिलेल्या अंकाला 'क्ष पायाशी एक' म्हणा. ऋण संख्येचं 'उणे' आणि वजाबाकीचं 'वजा' वेगळे ठेवा. संख्या मोठी असेल तर नाव सांगा आणि मग अंकही सुटे सांगा: 'एकोणसत्तर, सहा नऊ.' आपल्याकडे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची गफलत कान चांगले असतानाही होते. दशांशात 'तीन दशांश चिन्ह शून्य पाच' असं एकेक अंकानं वाचा, 'तीन पॉइंट पाच' आणि 'तीन पॉइंट शून्य पाच' यात दशांश चिन्हापुढच्या भागात दहा पटींचा घोटाळा लपलेला आहे.

आलेख किंवा तक्ता असेल तर आधी शीर्षक, मग आडव्या अक्षावर काय आहे, उभ्या अक्षावर काय आहे, एकक कोणतं, प्रमाण काय, आणि मग डावीकडून उजवीकडे एकेक किंमत. 'पाऊस वाढत गेलाय' असं सांगू नका. तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष काढण्याचेच मार्क असतात. 'जून १४०, जुलै ३१०, ऑगस्ट २६०' एवढं सांगा. तक्ता ओळीनं वाचायचा की स्तंभानं हे त्याला विचारा. भूमितीच्या आकृतीत बिंदूंची नावं घड्याळाच्या दिशेनं सांगा, मग कोणत्या रेषेवर कोणती खूण आहे ते. काही परीक्षांमध्ये अंध विद्यार्थ्यांना आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न असतो, तो प्रश्नपत्रिकेत कुठे छापलाय ते आधी शोधून ठेवा.

उत्तर लिहिणं

सहा ते आठ शब्दांचा तुकडा ऐकायचा, लिहायचा, आणि शेवटचा शब्द हलक्या आवाजात उच्चारायचा. 'जलाशय.' तो शब्द ऐकला की पुढचा तुकडा येतो. या एका सवयीनं पेपरचा ताल बसतो; ती नसेल तर तो दर ओळीला 'झालं का?' विचारत राहतो आणि विचारांचा धागा तुटतो. तुमचं मागे पडलं तर लगेच 'थांब' म्हणा. आठवून नंतर भरू म्हणून जागा सोडलीत तर ती तशीच राहते.

वाक्य सुधारू नका. त्यानं 'कारण की' म्हटलं तर 'कारण की' लिहा. तुम्हाला विषय येत असेल तर हा मोह फार मोठा असतो: त्यानं सनावळी चुकीची सांगितली, तुम्हाला बरोबर माहीत आहे, हात आपोआप बरोबर आकडा लिहितो. तो तुमचा पेपर झाला. उलट प्रकारही घडतो. सविस्तर उत्तर तुम्ही 'तेच ते आहे' म्हणून आखडून लिहिता आणि दोन मुद्दे गळतात. वाढवणं आणि गाळणं, दोन्ही सारखंच चूक आहे. म्हणून शक्य असेल तर ज्या विषयात तुम्ही तरबेज आहात त्याला बसू नका. त्या विषयाचे शब्द न अडखळता वाचता आले म्हणजे पुरे.

शुद्धलेखनाचा प्रश्न मराठीत नेहमी येतो. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर' कानाला जवळजवळ सारखे. 'ताई, दिन पहिली वेलांटी की दुसरी?' असं विचारता येतं. पण तुम्ही फक्त विद्यार्थिनी चुकणार असं वाटेल तेव्हाच विचारलंत तर तुमचा प्रश्नच इशारा होतो. म्हणून पहिल्या भेटीत ठरवून टाका: भाषेच्या पेपरात शंकेचा प्रत्येक शब्द विचारायचा, किंवा ती स्वतःहून सांगेल तेवढंच धरायचं. इंग्रजीच्या पेपरात विशेषनामं आणि कठीण शब्द तिनं अक्षरं सुटी करून सांगायचे, आणि तुम्ही अक्षरं परत म्हणायची. विरामचिन्हं आणि परिच्छेद ती सांगेल तिथेच.

तिला कागद दिसत नाही, तेव्हा कागदाची बातमी देत राहा: 'अर्धं पान झालं', 'दुसरी पुरवणी सुरू करतोय'. हे सांगण्यात काही गैर नाही, डोळस विद्यार्थी ते स्वतः पाहतच असतो. एखादा प्रश्न 'नंतर' म्हणून सोडला तर त्याचा क्रमांक कच्च्या कामाच्या जागी नोंदवून ठेवा आणि शेवटी वाचून दाखवा. पुरवणीवर बैठक क्रमांक, प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक स्वतःहून तपासा. 'प्र. ३ (आ)' ऐवजी '३ (अ)' पडलं तर चांगलं उत्तर चुकीच्या घरात जातं.

वस्तुनिष्ठ परीक्षेत गोल रंगवण्याआधी तीन गोष्टी परत म्हणा: प्रश्नाचा क्रमांक, पर्यायाचा क्रमांक आणि पर्यायाचा मजकूर.

'तेवीस. तीन.'
'प्रश्न तेवीस, पर्याय तीन, कोयना.'
'हो.'

मग रंगवा. इंग्रजी अक्षरांच्या पर्यायांत बी, डी आणि ई एकमेकांत मिसळतात, म्हणून मजकूर म्हणणं सक्तीचं समजा. दर दहा प्रश्नांनी पत्रिकेवरचा क्रमांक आणि प्रश्नाचा क्रमांक जुळतोय का ते पाहा. एक ओळ सरकली तर पुढचे सगळे प्रश्न सरकतात, आणि शाईनं रंगवलेला गोल खोडता येत नाही.

शेवटची पंधरा मिनिटं परत वाचनासाठी राखून ठेवायचं तिला आठवून द्या. वाचताना तुमचं लिखाण वाचा, तुमच्या आठवणीतलं नको.

बोलणं समजायला अवघड असेल तर

सेरेब्रल पाल्सी असलेल्या विद्यार्थ्याचं बोलणं पहिल्या दिवशी कळणार नाही. तीन-चार भेटी लागतात, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. त्याचं वाक्य त्याच्याआधी पूर्ण करू नका. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणा, अंदाजानं लिहू नका. शब्द कळला नाही तर पहिलं अक्षर विचारा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला प्रश्न दोन-तीनदा ऐकायचा असतो, आणि मोठं वाक्य अर्थाच्या जागी तोडून वाचलं तर त्याला सोपं जातं. शब्द मात्र बदलायचे नाहीत, सोपे करून सांगायचे नाहीत.

उत्तर सांगण्याचा आग्रह झाला तर

कधी पालक, कधी एखादा शिक्षकच म्हणतो, 'थोडी मदत कर गं, बिचारा आहे.' आधीच, भेटीतच, शांतपणे सांगून टाका की मी लिहीन, सांगणार नाही. पकडलं गेल्यास पेपर विद्यार्थ्याचा रद्द होतो. आणि प्रत्येक अशा प्रकारानं बाकीच्या प्रामाणिक मुलांकडे संशयानं पाहिलं जातं. त्यांच्या लेखनिकांवर अटी वाढतात. विद्यार्थ्याकडून पैसे घेऊ नका. परीक्षा संस्था मानधन देत असेल तर ते घ्यायला हरकत नाही.

आणि ऐनवेळी माघार घेऊ नका. ताप येऊ शकतो, रेल्वे बंद पडू शकते, म्हणून पात्रतेत बसणारा दुसरा माणूस आधीच शोधून त्याचे कागद तयार ठेवा. आणीबाणीत लेखनिक बदलण्याची तरतूद २०१८ च्या सूचनांत होती, पण अशी तरतूद असली तरी बदली माणूस समोर उभा असेल तरच तिचा उपयोग.

शिक्षण जास्त झालं असेल तर

पदवीधर माणूस दहावीच्या मुलासाठी बसू शकत नाही. त्याच्यासाठी कामं मात्र वर्षभर आहेत, आणि ती करणारे लेखनिकांहूनही कमी आहेत.

पहिलं काम पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा. समोर धरला तर प, फ, भ यांच्या हवेचे फटके बसतात. पंखा बंद, फोन विमान मोडवर. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसलात तर खोलीचा घुमारा कमी होतो. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा, सुरुवातीला पुस्तक, धडा आणि पान सांगा, फाइलला '०१', '०२' असे आकडे आधी लावा म्हणजे क्रम चुकत नाही. चित्राखालची ओळ, चौकटीतला मजकूर आणि स्वाध्याय गाळू नका, परीक्षेत प्रश्न तिथूनच येतात. नाट्यमय वाचन नको. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांग व्यक्तींना वापरता यावं म्हणून, नफा न घेता, असं रूपांतर करता येतं. ते रेकॉर्डिंग सगळ्या ग्रुपांवर मात्र फिरवायचं नाही.

दुसरं काम टायपिंगचं, आणि तिथे एक गोष्ट हमखास चुकते. क्लासच्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक आवाज काढतो. स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्यासाठी नुसतं चित्र असते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा किंवा रूपांतर करून ओळ न् ओळ मूळ प्रतीशी ताडून पाहा. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. शीर्षकं नुसती ठळक न करता वर्डमधल्या शीर्षक शैलीत द्या, म्हणजे ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. तक्त्यात घरं एकत्र जोडू नका. चित्र असेल तर त्याखाली दोन ओळींत वर्णन लिहा.

फाइल पाठवण्याआधी तुमच्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक (त्यातला स्क्रीन रीडर) सुरू करा, डोळे मिटा आणि पहिली दोन पानं ऐका. जिथे तो अडखळेल तिथे परत जा, दुरुस्त करा, पुन्हा ऐका, आणि मग पाठवा.